पडद्यावरचे सुपरहिरो: तुमचे प्रश्न, माझी मतं

मागच्या अंकात कॉमिक्सवरून निघालेल्या सिनेमा-सिरियलींबद्दल प्रश्न मागवले होते, आणि आले बुवा, बरेचसे तर भांडायच्या तयारीनेच आलेत. सगळे घेणं शक्य नाही. मी काही समीक्षक वगैरे नाही, शाळेपासून हे सगळं बघत आलेला फॅन आहे, तेव्हा मतं फॅनची आहेत, पटली नाहीत तर खुशाल लिहा. स्पॉयलर आहेत, जुन्या गोष्टींचे आहेत पण आहेत, नंतर बोंबलू नका.

प्रश्न: कॉमिक्समध्ये एक आणि पडद्यावर भलतंच! वुल्व्हरिन बुटका असतो, ह्यू जॅकमन ताडमाड. स्पायडरमॅन जाळं स्वतः बनवलेल्या यंत्रातून सोडतो, टोबी मॅग्वायरच्या थेट मनगटातून निघतं. आहे तसं दाखवायला यांच्या बापाचं काय जातं? (सांगली)

काही जात नाही, पण नुसतं तसं दाखवून भागतही नाही ना. वुल्व्हरिन कॉमिक्समध्ये पाच फूट तीन इंच आहे हे खरं, जॅकमन सहा फुटांच्या वर आहे हेही खरं, आणि आज त्याचं कुणाला काय पडलंय? कारण त्याने वुल्व्हरिनचा स्वभाव पकडला, कुणी जवळ येऊ नये म्हणून आधीच गुरगुरणारा माणूस, आणि ते काही उंचीत नसतं. पिवळ्या ड्रेसच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. २००० साली पहिल्या एक्स-मेनमध्ये सगळ्यांना काळ्या लेदरमध्ये कोंबलं, वर पिवळ्या कपड्यांवर जोक मारला, आणि २०२४ मध्ये डेडपूलबरोबरच्या सिनेमात तोच पिवळा ड्रेस घालून शिट्ट्या वसूल केल्या. मग इतकी वर्षं काय झालं होतं?

जाळ्याचं म्हणाल तर मला मनगटवालं आवडतं. वयात येणाऱ्या पोराच्या अंगात काहीतरी भलतंच व्हायला लागलंय आणि त्याला ते कुणाला सांगता येत नाहीये, हे टोबीच्या, म्हणजे सॅम रेमीच्या सिनेमात एक शब्द न बोलता कळतं. यंत्रवाल्या पीटरचे (स्पायडरमॅनचं खरं नाव) फायदे वेगळे, पोरगा हुशार आहे हे दिसतं आणि ऐन वेळी जाळं संपू शकतं. २०२१ च्या नो वे होममध्ये वेगवेगळ्या सिनेमांतले तिन्ही पीटर भेटतात तेव्हा याच्यावरूनच एकमेकांची चौकशी करतात, त्यांचं मिटलंय, आपणही मिटवू.

पण 'आहे तसं'वाल्या मंडळींना माझा एकच सवाल असतो, वॉचमेन बघितलाय का, दोन्ही? ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं कॉमिक्स १९८६-८७ मधलं. २००९ साली झॅक स्नायडरने त्याचा सिनेमा केला, शेवट बदलला तेवढा सोडला तर चौकटीच्या चौकटी कॉमिक्समधून उचललेल्या, कोन तोच, रक्ताचा थेंब पडलेला हसरा बिल्ला तोच. आणि तरी सगळं मुसळ केरात. मूळ गोष्ट सांगते की मुखवटा घालून रस्त्यावर मारामाऱ्या करणारी ही माणसं आतून केविलवाणी आहेत, काही तर पार किडलेली आहेत, आणि सिनेमा त्यांची प्रत्येक फाइट स्लो मोशनमध्ये दाखवून म्हणतो बघा बघा काय भारी दिसतात!

आता २०१९ ची एचबीओची नऊ भागांची मालिका घ्या, डेमन लिंडेलॉफची. ती कॉमिक्सची गोष्ट परत सांगतच नाही, पुढची सांगते, आणि सुरू होते १९२१ च्या टल्सामध्ये, अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, जिथे गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्या लोकांची भरभराटीला आलेली वस्ती जाळून टाकली. हे खरं घडलेलं आहे. कॉमिक्समध्ये हूडेड जस्टिस म्हणून एक अगदी सुरुवातीचा मुखवटावाला आहे, डोक्यावर बुरखा, गळ्यात फाशीचा दोर, आणि तो नक्की कोण हे मूर शेवटपर्यंत उघड करत नाही. मालिका करते. तो न्यूयॉर्कमधला काळा पोलीस निघतो, त्याच्याच खात्यातले गोरे त्याला झाडाला टांगतात आणि मरायच्या आत खाली सोडतात, फक्त धमकी द्यायला. तो गळ्यात तो दोर तसाच घेऊन घरी चाललेला असतो आणि वाटेत एका जोडप्यावर गुंड तुटून पडलेले दिसतात, तेव्हा तो डोक्यावर घातलेली तीच पिशवी डोळ्यांपुरती फाडून परत चढवतो आणि मध्ये पडतो. दोर तोच, बुरखा तोच, चित्रातली रेघ बदललेली नाही, पण आता तो दोर बघताना पोटात गोळा येतो. याला म्हणतात मूळ वाचलेलं असणं. (मूरने दोन्ही ठिकाणी आपलं नाव लागू दिलेलं नाही, म्हातारा कुणाचंच ऐकत नाही.)

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. मार्व्हल बघायचंय म्हणतो. कुठल्या क्रमाने दाखवू? नवरा म्हणतो सगळे तीसच्या वर सिनेमे आहेत. (ठाणे)

क्रम बिम काही नको ताई, अभ्यासक्रम आहे का तो! २०१८ चा स्पायडर-व्हर्स दाखवा, ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालेला आहे, आधीचं काही माहीत असावं लागत नाही, आणि तुम्ही पण बसा सोबत, त्यात हिरोचे, म्हणजे माइल्सचे वडील शाळेच्या दारात पोलिसांच्या गाडीतल्या लाउडस्पीकरवरून पोराकडून 'आय लव्ह यू' वदवून घेतात तो सीन पोरापेक्षा तुम्हाला जास्त आवडेल. तिथून त्याला जे आवडेल तिकडे जाऊ दे.

एक मात्र सांभाळा. कार्टून आहे म्हणून इन्व्हिन्सिबल लावून देऊ नका, पहिल्या भागाच्या शेवटीच असा रक्तपात आहे की तुम्हीही दचकाल. द बॉईज तर मुलगा मोठा होईपर्यंत विसरा.

प्रश्न: आजवरचं सगळ्यात भारी सुपरहिरो ॲडाप्टेशन कुठलं? एकच सांगा, 'प्रत्येकाचं आपापलं' असली पळवाट नको. (पुणे)

पुण्याहून आलाय प्रश्न, पळवाट कुठली मिळणार. बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज, १९९२. नोलनचा डार्क नाइट नाही, हो, हीथ लेजर धरून सुद्धा नाही.

ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्कीने ही उभी केली. पार्श्वभूमीची चित्रं पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर काढायचे, म्हणजे अंधार आधीपासूनच आहे आणि त्यात उजेड भरत जायचा, त्यामुळे ते गॉथम शहर आजही कुठल्याच कार्टूनसारखं दिसत नाही. केव्हिन कॉनरॉय ब्रूस वेनला एक आवाज द्यायचा आणि बॅटमॅनला दुसरा, आणि ऐकताना कळायचं की बॅटमॅनचा आवाज हाच खरा याचा आवाज आहे, ब्रूस वेन हे सोंग आहे. जोकरला आवाज कुणाचा, तर मार्क हॅमिलचा, स्टार वॉर्समधला आपला गुणी ल्यूक स्कायवॉकर!

त्यातला हार्ट ऑफ आइस नावाचा एक भाग बघा, बावीस मिनिटांचा पण नाहीये जेमतेम. मिस्टर फ्रीझ हा तोवर बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक फालतू व्हिलन होता, १९५९ साली कॉमिक्समध्ये आला तेव्हा नावसुद्धा वेगळं होतं, मिस्टर झीरो. लेखक पॉल डिनीने त्याला बायको दिली, नोरा. असाध्य आजार, नवरा शास्त्रज्ञ, त्याने इलाज सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवलेलं, आणि कंपनीचा साहेब येऊन खर्च परवडत नाही म्हणून यंत्र बंद करायला लावतो, झटापटीत याला रसायनांवर ढकलतो. त्याच साहेबाला पुढे मानवतेचा पुरस्कार मिळत असतो! आणि या सगळ्यात बॅटमॅनला सर्दी झालेली आहे. खरंच, शिंकतोय, घरच्या नोकराने, आल्फ्रेडने, थर्मासमध्ये चिकन सूप भरून दिलंय. शेवटी सगळी हत्यारं संपल्यावर तो ते गरम सूप फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर मारतो, काच तडकते, झालं. आधी विनोद म्हणून आणलेली गोष्ट शेवटी कामाला आणायची, तीही गोष्टीचा दुःखी सूर जराही न बिघडवता, हे लिहिणाऱ्याने शिकावं असं आहे. एमी मिळाली त्या भागाला, आणि कॉमिक्सवाल्यांनी आपला जुना फ्रीझ गुंडाळून हाच स्वीकारला. जोकरची साथीदार हार्ली क्विनही याच मालिकेत जन्मली आणि मग उलटी कॉमिक्समध्ये गेली. म्हणून हे माझ्या लेखी एक नंबर.

आता गंमत बघा. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, बॅटमॅन अँड रॉबिन नावाचा सिनेमा आला, त्यात हाच फ्रीझ, हीच नोरा, तीच टाकी, आणि श्वार्झनेगर. गोष्ट तीच उचललेली पण माणूस दर दोन वाक्यांनी बर्फावर कोटी करतोय. बायको मरायला टेकलेला माणूस इतक्या कोट्या करेल का हो? तो सिनेमा इतका आपटला की पुढची आठ वर्षं बॅटमॅनचा सिनेमाच आला नाही.

प्रश्न: आणि तो १९६६ चा ॲडम वेस्टचा बॅटमॅन? तो तर नुसता पोरखेळ. (पुणे, वरचेच वाचक)

अजिबात नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, त्यानंतर बॅटमॅनचं कॉमिक्सच तसं झालं होतं, परग्रहवासी काय, रंगीबेरंगी पोशाख काय. मालिकेने समोर होतं ते घेतलं आणि चेहरा गंभीर ठेवून केलं, तेवढा गंभीर चेहरा ठेवून बावळटपणा करणं सोपं नसतं. शार्क पायाला लटकलेली असताना शांतपणे शार्क पळवायचा स्प्रे मागणारा माणूस (हे त्याच वर्षीच्या सिनेमात) मला कधीही चालतो.

प्रश्न: सिनेमा चांगला की मालिका? हल्ली ओटीटीवर इतक्या सुपरहिरो मालिका येतायत की पहिलीचं नाव लक्षात राहीपर्यंत तिसरी हजर. (कोल्हापूर)

तत्त्वतः मालिका. कॉमिक्स मुळात दर महिन्याला येणारी क्रमशः गोष्ट, ती दोन तासांत बसवायची म्हणजे जन्म, पहिला व्हिलन, शहर उद्ध्वस्त, संपलं. मालिकेत हिरोला मधले दिवस मिळतात, भाडं थकलंय, आईला फोन करायचा राहिलाय वगैरे.

१९७७ ची हल्कची मालिका बघा. बिल बिक्स्बीचा बॅनर (राग आला की हल्क होतो तो माणूस) गावोगाव पायी भटकतो, कुठेतरी नोकरी धरतो, कुणात तरी जीव गुंततो, मग राग येतो, लू फेरिग्नो हिरवा रंग फासून येतो, मोडतोड, आणि बॅनर पुन्हा रस्त्याला. त्याचं ब्रूस हे नाव सुद्धा बदलून डेव्हिड केलं होतं, कॉमिक्सचे बाकीचे व्हिलन वगैरे काही नाही, तरी एकट्या पडलेल्या माणसाचं ते दुःख बरोबर आलंय.

नाहीतर २०१५ चा डेअरडेव्हिल. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या कॉरिडॉरमधल्या मारामारीबद्दल सगळे बोलतात, एकच सलग शॉट दिसतो म्हणून. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. मॅट, म्हणजे डेअरडेव्हिल, आधीच जखमी आहे, एक लहान मुलगा आत कोंडलाय म्हणून आलाय, आणि दोन-तीन ठोसे मारले की तो भिंतीला टेकतो. धापा टाकतो. ज्यांना पाडलंय ते परत उठतात, तेही दमलेत, मारामारी हळूहळू नुसती ढकलाढकली होत जाते. कॅमेरा बऱ्याचदा खोल्यांत शिरत पण नाही, आतून आवाज येतात आणि माणूस दारातून बाहेर फेकला जातो. हिरो दमतो हे वीस कोटी डॉलरच्या सिनेमात सुद्धा दिसत नाही कारण तिथे कॉम्प्युटर दमत नाही.

पण हल्ली जे चाललंय ना, की सिनेमाची एकच गोष्ट घ्यायची आणि सहा भागांत आमटीत पाणी ओतल्यासारखी वाढवायची, त्याला मालिका म्हणू नये. सिक्रेट इन्व्हेजन (२०२३) हे ढळढळीत उदाहरण, सॅम्युएल जॅक्सन हाताशी असून अक्षरशः पाट्या टाकल्यात. वांडाव्हिजन (२०२१) जमली कारण तिचे बहुतेक भाग एकेका दशकातल्या अमेरिकन कौटुंबिक मालिकेसारखे, आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग रंग, मग कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, आणि जोडीदार गेलेली बाई टीव्हीतल्या सुखी घरात लपून बसलीये हे त्या रचनेतूनच कळत जातं, सिनेमात ते करताच आलं नसतं. कोल्हापूरकरांनी वेळ नसेल तर एवढी एक आणि द पेंग्विन (२०२४) बघावी, बाकीच्यांचं फारसं मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न: मी नववीत आहे. ॲव्हेंजर्समध्ये सुरुवातीला स्पायडरमॅन आणि एक्स-मेन का नव्हते? मार्व्हलचेच आहेत ना? (नाशिक)

चांगला प्रश्न आहे तुझा, आणि उत्तर गोष्टीत नसून पैशात आहे. नव्वदच्या दशकात मार्व्हल कंपनी बुडीत निघाली, १९९६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळात सिनेमाचे हक्क जमतील तसे विकले गेले, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. मग मार्व्हलने स्वतःचे सिनेमे काढायचं ठरवलं तेव्हा घरात उरलं किंवा परत आलं होतं कोण, तर आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका, म्हणजे ज्यांना सिनेमावाल्यांच्या लेखी फार भाव नव्हता ते. २००८ चा आयर्न मॅन चालला, २००९ मध्ये डिस्नेने कंपनीच विकत घेतली, २०१५ मध्ये सोनीशी समझोता होऊन पुढच्या वर्षी सिव्हिल वॉरमध्ये स्पायडरमॅन आला, आणि २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सच घेतल्यावर एक्स-मेन घरी परतले.

मधल्या काळात काय काय झालं! विजेच्या वेगाने धावणारा क्विकसिल्व्हर दोघांच्याही हक्कांत बसत होता म्हणून २०१४ मध्ये फॉक्सचा एक आणि २०१५ मध्ये मार्व्हलचा दुसरा, असे दोन आले, दोन वेगळे नट. फॉक्सवाल्याचा स्वयंपाकघरातला सीन शोधून बघ, सगळे थबकलेत आणि हा निवांत धावत बंदुकीच्या गोळ्या बोटाने बाजूला सारतोय.

प्रश्न: सुपरमॅनने व्हिलनची, झॉडची, मान मोडली तेव्हा माझ्यासाठी सुपरमॅन संपला. नवा बघावा का? आणि ख्रिस्तोफर रीव्हची सर कुणाला येईल का? (न्यू जर्सी)

मॅन ऑफ स्टील (२०१३) मलाही जड गेला, पण मान मोडण्यापेक्षा त्याच्या आधीचा अर्धा तास जास्त. शहरात इमारतींमागून इमारती कोसळतायत आणि सुपरमॅन खाली कोण आहे हे बघतही नाही. आणि रीव्हच्या भक्तांनो, सुपरमॅन २ परत बघा, झॉडची शक्ती गेल्यावर आपला रीव्ह त्याचा हात चिरडतो आणि त्याला उचलून त्या बर्फाच्या गुहेतल्या खाईत भिरकावतो, वर गालात हसतो! ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

तरी रीव्ह तो रीव्हच. १९७८ च्या सिनेमात 'माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल' अशी जाहिरात होती, पण माझा विश्वास बसला तो न उडणाऱ्या एका सीनवर. सुपरमॅन आपल्या प्रेयसीला, लोइसला, आकाशात फिरवून आणतो, जातो, आणि लगेच क्लार्क (चष्मेवाला साधा पत्रकार, हे त्याचं सोंग) बनून दार वाजवतो. ती आत आवरायला गेलेली. हा एकटा उभा, चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, माणूस चांगला दोन-चार इंच उंच दिसायला लागतो, आवाज खाली उतरतो, आता सांगणार तिला. आणि मग धीर होत नाही. चष्मा परत डोळ्यांवर, खांदे पडले, आवाज चिरका. एकच शॉट, कसलीही ट्रिक नाही. चष्म्याने कुणी ओळखत नाही हे कसं शक्य आहे म्हणून हसणाऱ्या सगळ्यांना मी हा सीन दाखवतो.

नवा, जेम्स गनचा २०२५ चा, जरूर बघा. कोरेनस्वेटचा सुपरमॅन मारामारीच्या मध्ये थांबून एक खार वाचवतो, खार! क्रिप्टो कुत्रा जरा जास्तच बोकाळलाय आणि माणसं पण फार भरलीत त्यात, पण तुमचा झॉडचा राग बऱ्यापैकी उतरेल. तुम्ही तिकडे पूर्ण बघितला असेल, इथे सेन्सॉरने चुंबन कापलं होतं, विमानं पाडलेली चालतात.

प्रश्न: आपल्याकडच्या कॉमिक्सवर काहीच का होत नाही? नागराज, ध्रुव यांची सिनेमाची लायकी नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

आहे की, भरपूर आहे. ध्रुव तर पडद्यासाठीच जन्मलाय, सर्कशीत वाढलेला, अंगात कसली दिव्य शक्ती नाही, प्राण्यांशी बोलतो, मोटरसायकल आणि डोकं चालवतो, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सचा खर्च पण आटोक्यात. आपल्याकडे पडद्यावर जे आले ते पडद्यासाठीच रचलेले, १९९७ चा शक्तिमान काय, क्रिश काय, मराठीत २०१५ चा निखिल महाजन-श्रेयस तळपदेचा बाजी काय, आणि मल्याळममधला मिन्नल मुरली तर सुंदरच. ॲडाप्टेशन म्हणाल तर पाटी जवळपास कोरी.

का? हिरोच्या अंगावर तंग कपडे चढवले की सिनेमा झाला, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं आणि मग ग्राफिक्समध्ये हॉलिवूडशी टक्कर द्यायची खुमखुमी येते. तुमच्या जवळच मालेगाव आहे. तिथल्या नासिर शेखने हौशी पोरं गोळा करून मालेगाव का सुपरमॅन काढला, हिरो कोण तर यंत्रमागावर काम करणारा काडी पैलवान शफीक शेख. त्याच्यावर फैजा अहमद खानने केलेली डॉक्युमेंटरी बघा, हिरवा पडदा उभारून, शफीकला आडव्या दांड्यावर टांगून उडवतायत, अंगावर तो निळा-लाल ड्रेस. पण तो सुपरमॅन मालेगावचा आहे, तिथली धूळ-धूर आणि तंबाखू याच्याशी त्याची गाठ आहे. ध्रुवचा सिनेमा काढणाऱ्याने आधी ही डॉक्युमेंटरी बघावी, मग बजेट मागायला जावं.

प्रश्न: नावं संपेपर्यंत थिएटरात थांबायचं का? बायको वैतागते. (डोंबिवली)

मार्व्हलला थांबा, २००८ पासूनची खोड आहे त्यांची. बॅटमॅनला नोलनचा असेल तर खुशाल उठा, तो काही ठेवत नाही. एंडगेमला शेवटी सीन नाही, फक्त हातोड्याचे ठोके आहेत, त्यासाठी बायकोला बसवून ठेवलंत तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.